मुक्तीचं बाळ

तीन वाजता शेजारणी उठल्या आणि आजीच्या बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या चौदा खुर्च्यांपैकी नऊ रिकाम्या झाल्या. तरी कुणी सरकून जवळ बसलं नाही. वाढदिवसाला ज्याने जी खुर्ची धरली ती त्याची, हा या घराचाच काय, अख्ख्या हार्लेमचा नियम. त्यामुळे उरलेली पाच माणसं बस चुकलेल्या लोकांसारखी लांब लांब बसून राहिली.

नेल आजी खिडकीपाशी, आजच नव्वद पूर्ण. दोन खुर्च्या सोडून तिची थोरली, दिनेका. दिनेकाचा नवरा कोस दारापाशी, म्हणजे स्वयंपाकघरातून बिअर आणायला सोपं. समोर मार्टन, धाकटा, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. औषधांनी त्याचे हात थरथरत आणि कपबशी वाजली की आईची नजर तिकडे जाई. आणि मार्टनच्या शेजारी त्याची मुलगी योरिन, मांडीवर पिशवी घेऊन.

पिशवीत अ‍ॅम्स्टरडॅमच्या रुग्णालयाचं पत्र होतं. तीन आठवडे ती ते घेऊन फिरत होती. तिला गरोदरपणाचा अकरावा आठवडा चालू होता हे मात्र खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी साडेनऊला दवाखान्यात जाऊन तिला सांगायचं होतं, ठेवायचं की नाही. तिचा नवरा रूबेन आखातात गाळ काढणाऱ्या जहाजावर. तो फोनवर म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." इतकं चांगलं बोलला की तिला त्याचा रागच आला.

"सासूबाई, आता शंभरीलाच शेजारून खुर्च्या मागायच्या की पंच्याण्णवला एकदा?" कोस म्हणाला.

"तू मागायला उरलास तर बघू," आजी म्हणाली.

योरिनने पिशवीची चेन उघडली, परत लावली, परत उघडली.

"आजी, एक विचारू?"

"विचार की. नव्वदीला कुणी काही विचारत नाही, नुसते मोठ्याने बोलतात."

"पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत तू काय खात होतीस?"

दिनेकाच्या हातातला चमचा बशीवर पडला.

"झालं. वाढदिवस आहे गं आज. ते सगळं काढायलाच हवं का?"

"रुग्णालयाने विचारलंय, आत्या." योरिनने पत्र काढलं. "युद्धातल्या त्या उपासमारीच्या हिवाळ्यात जे पोटात होते, त्यांना शोधतायत. त्यांचं रक्त, त्यांच्या मुलांचं रक्त, आणि आई हयात असेल तर तिच्याशी बोलणं. बाबांचं नाव जन्मनोंदणीवरून मिळालं त्यांना."

"मार्टनचं?" दिनेका हसली, आणि तिला हायसं वाटल्याचं सगळ्यांना दिसलं. "मग पत्ता चुकला त्यांचा. उपाशी मी होते. साडेचार वर्षांची. माझे वाकडे गुडघे बघा म्हणावं त्यांना. मार्टन जर्मन गेल्यावरचा, मुक्तीचा. अकरा नोव्हेंबरला झाला, संत मार्टिनचा सण, पोरं कंदील घेऊन गात दारोदार फिरत होती, म्हणून तर तेच नाव ठेवलं. तोवर सैनिकांचं चॉकलेटसुद्धा संपलं होतं खाऊन खाऊन."

"या घरात जाड जन्मलेला एकटाच," कोस म्हणाला. "सव्वाचार किलो. नाही का हो, सासूबाई?"

हे सगळं इतक्या वेळा बोलून झालं होतं की ते खरंच असणार. दिनेका भुकेची आणि मार्टन मुक्तीचा. दिनेका पुढे आयुष्यभर लोकांच्या ताटातलं उरलेलं खात राहिली आणि तिला कुणी काही म्हणालं नाही, कारण तिला कारण होतं. मार्टनला कारण नव्हतं. तिसाव्या वर्षी त्याने रेडिओच्या तारा कापल्या, खिडक्यांना कागद चिकटवले, आणि तीन वर्षांच्या योरिनला कोटाखाली लपवून रात्रभर वाळूच्या टेकड्यांमध्ये बसला, कारण आवाजांनी त्याला सांगितलं होतं की तिला न्यायला येतायत. तेव्हा सगळे हेच म्हणाले, की याला कशाची कमी होती? हा तर मुक्तीचं बाळ.

"आत्या," योरिन म्हणाली, "नोव्हेंबरातून नऊ महिने मागे जा."

दिनेकाने आधी मान हलवली, मग बोटं मोजली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. उजवा हात संपल्यावर डाव्या हातावर आली. मग थांबली.

"फेब्रुवारी," कोस दारातून म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

बासष्ट वर्षं या घराने मार्टनला वाढदिवसापासून मोजलं होतं. त्याच्या आधी तो कुठे होता हे कुणी मोजलंच नव्हतं.

आजीने मोजलं होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला या खोलीतलं थोडं ऐकू येत होतं आणि थोडं पंचेचाळीस सालच्या त्या दुसऱ्या खोलीतलं, जिथे तिचा नवरा डिर्क फळ्यांखाली लपलेला असायचा, जर्मनांनी कारखान्यात पाठवू नये म्हणून. दुपारी चारलाच अंधार, जाळायला जिन्याचे कठडेसुद्धा संपलेले. दोघं एकमेकांना चिकटून झोपायचे ते प्रेमाने कमी आणि थंडीने जास्त, पण थोडं प्रेमानेही. महिन्याची पाळी तिची ख्रिसमसपासूनच थांबली होती. आळीतल्या सगळ्याच बायकांची थांबली होती. शरीर आटलं, असं त्या एकमेकींना सांगत आणि हसत. मग मे आला, झेंडे आले, पांढरा पाव आला. पाळी तरी आली नाही. आणि जूनच्या अखेरीला कपडे वाळत घालताना पोटात काहीतरी सरकलं. तिला वाटलं वायू असेल.

"साखरबीट," आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तिने विचारलं ना काय खात होते. बीट किसून उकळायचं. ट्युलिपचे कांदे, मधला पिवळा कोंब काढून, तो विषारी. आठवड्याला माणशी एक पाव, तोही ओला, पिळला तर पाणी निघेल असा. चादरी घेऊन सायकलवर, रबराऐवजी चाकाला बागेतली नळी गुंडाळलेली, उत्तरेकडे शेतांवर जायचं आणि त्या देऊन बटाटे आणायचे. एकदा वाटेत पुलावर जर्मनांनी काढून घेतले. त्या दिवशी काही नाही."

"तुझ्या वाट्याचा पाव तू खायचीस?" योरिनने हळूच विचारलं.

"दिनेकाला द्यायचे. ती रडायची ना. मला माहीत नव्हतं मी दोन जिवांची आहे."

दिनेकाने केकची बशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. तिला तो पाव आठवत होता. आई भिंतीकडे तोंड करून बसायची, माझं झालंय म्हणायची, आणि आपण विश्वास ठेवायचो, कारण विश्वास ठेवला की पाव मिळायचा.

"म्हणजे मी त्याचं खाल्लं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी सगळ्यांकडून कीव करून घेतली. आणि मी त्याचं खाल्लं."

कोस उठायला लागला.

"ताई," मार्टन म्हणाला. तो दुपारपासून पहिल्यांदाच बोलत होता. "तो केक खाणार आहेस?"

"काय?"

"नसशील तर इकडे दे. म्हणजे फिटलं."

दिनेकाने त्याच्याकडे बघितलं, मग बशीकडे. मग ती उठली, चार खुर्च्या ओलांडून गेली आणि त्याच्या हातात बशी दिली. त्याने खरंच खायला सुरुवात केली. बशी वाजत होती. आजीने त्या आवाजाकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"पण मला हे समजत नाही," कोस म्हणाला. "भूक गेली, बाळ चांगलं सव्वाचार किलोचं झालं. मग ती भूक बसली कुठे इतकी वर्षं?"

"जनुकांवर खुणा राहतात म्हणे," योरिन म्हणाली. "जनुकं बदलत नाहीत. पण कुठलं चालू ठेवायचं, कुठलं बंद, याच्या खुणा असतात. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत भूक असेल तर त्या वेगळ्या पडतात, आणि साठ वर्षांनीसुद्धा रक्तात दिसतात."

कोस चाळीस वर्षं कालव्याच्या दरवाजांवर नोकरीला होता. त्याने डोळे मिटून विचार केला.

"असं बघ. कालवे तेच, पाणी तेच. कोरडं साल येतं. दरवाजेवाला घाबरतो, चार दरवाजे लावून घेतो, आहे ते पुरावं म्हणून. शहाणपणाच करतो तो. मग पाऊस येतो, पण त्याला कुणी कळवतच नाही. दरवाजे लागलेलेच."

"म्हणजे कालवा बिघडलेला नाही," दिनेका म्हणाली.

"कालव्याला काय धाड भरलीय? दरवाजा लागलाय."

"आणि तो उघडत नाही?" हे योरिनने विचारलं. जरा घाईने विचारलं. दिनेकाच्या ते लक्षात आलं.

"काही सहज उघडतात. काही गंजतात. पण पूर्ण बंद झालेला दरवाजा मी नोकरीत एकही पाहिला नाही. खालून झिरपतंच थोडं."

"रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई जवळजवळ हेच म्हणाल्या. फक्त त्यांना पाऊण तास लागला." योरिनने पत्राची घडी घातली. "आणि हेही म्हणाल्या, की बाबांना त्याच्यामुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. त्या भुकेत ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यात शंभरात दोघांना. बाकी अठ्ठ्याण्णवांना नाही झाला."

"शंभरात दोन," मार्टन केक गिळत म्हणाला. "एक मी. दुसरा कोण ते शोधून द्या, सोंगट्या खेळायला बरा."

कोसला हसू आवरेना. दिनेकाने डोळे पुसता पुसता त्याला दटावलं आणि मग तीही हसली.

आजी हसली नाही.

"त्या डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठल्या?" योरिनने विचारलं.

"शहात्तर साली. टेकड्यांपलीकडच्या इस्पितळात. मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, आई थंड असली की मुलं अशी होतात. तुम्ही शक्यतो येऊ नका, त्याला त्रास होतो." तिने झग्याची बाही सारखी केली. "मी विचार केला, असेन. मी मुका घेणाऱ्यातली नाही. मला वाटायचं, एवढे शिकलेले लोक, यांना दिसलं असेल माझ्यात काहीतरी."

दिनेकाला हे माहीत नव्हतं. मार्टनलाही नव्हतं. बत्तीस वर्षं दिनेका मनातल्या मनात आईला दोष देत आली होती, की मुलाला एकदा भेटायला जाववत नाही हिला. मार्टन इस्पितळात असताना योरिनला तिनेच वाढवलं, ते थोडं त्या रागानेही.

"म्हणजे ते थंडपणाने नव्हतं?" आजीने योरिनला विचारलं. ती तिच्याकडे, पत्राकडे, पुन्हा तिच्याकडे बघत होती. शाळेत निकाल विचारणारी पोर असते तशी.

"थंड नव्हतीस, आजी. उपाशी होतीस."

आजीने बराच वेळ मान हलवली. नंतर म्हणाली, "दर रविवारी मी कोट घालायचे. दारापर्यंत जायचे. मग काढून ठेवायचे."

"मला वाटलं तुला तिथला वास आवडत नाही," मार्टन म्हणाला.

"वासही आवडत नाही."

"आता नाही तिथे मी. बारा वर्षं झाली. आता आम्ही सहा जण एका घरात राहतो. तिथे फक्त करपलेल्या कांद्याचा वास येतो."

"कुठला दिवस बरा पडेल?"

"बुधवार नको. बुधवारी सोंगट्या असतात."

"मग गुरुवार," आजी म्हणाली. तिने दिनेकाकडे वळून बघितलं. "मला सोडशील ना गं गाडीने?"

दिनेकाने हो म्हटलं आणि बश्या गोळा करून स्वयंपाकघरात गेली. योरिनलाही तिने डोळ्यांनीच आत बोलावलं. दार लोटलं, नळ सोडला.

"किती झाले?"

"काय किती?"

"योरिन, लहानपणी तुझ्याकडून महिन्यांची नावं पाठ करून घ्यायला मी एक उन्हाळा घालवला. नोव्हेंबरातून नऊ मागे फेब्रुवारी, हे तू उगीच मोजलेलं नाहीस. आणि दुपारी अंडं-ब्रँडीच्या गोडाची वाटी तू गुपचूप कोसला दिलीस. तो स्वतःची आणि तुझी, दोन्ही खाऊन बसलाय म्हणून इतका तत्त्वज्ञ झालाय."

योरिन ओट्याला टेकली.

"अकरावा आठवडा. सुईणीने तारीख सांगितली, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मी घरी येऊन मागे मोजलं, माझे दिवस कधी राहिले ते बघायला. आणि एकदम बाबांचं लक्षात आलं." तिचा आवाज खाली गेला. "शुक्रवारी सांगायचंय दवाखान्यात. ठेवणार की नाही."

आत्याने नळ बंद केला, मग परत सोडला.

"रूबेन काय म्हणतो?"

"तू म्हणशील तसं."

"गाढव आहे."

"चांगला आहे गं."

"चांगला गाढव आहे. आणि तू काय म्हणतेस?"

"मला हवंय," योरिन म्हणाली, आणि म्हणताना तिलाच जरा आश्चर्य वाटलं, कारण हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. "पण माझ्यातून पुढे काय जाईल? मी तिशी ओलांडली, मला काही झालं नाही, ठीक आहे. पण मी विचारलं डॉक्टरीणबाईंना, नातवंडांचं काय. त्या म्हणाल्या, आम्हाला माहीत नाही. इतक्या सरळ म्हणाल्या. मला वाटलं होतं या पत्रातून उत्तर मिळेल. आत्या, मी बाबांना रस्त्यावर अनवाणी बघितलंय. मी सहा वर्षांची होते, शाळेतल्या मुली बरोबर होत्या, आणि मी म्हणाले, हे कोण मला माहीत नाही. ते परत नको मला. माझ्या बाळाच्या बाबतीत नको."

दिनेकाने ओल्या हातांनीच तिचा चेहरा धरला. काही बोलणार तोच तिची नजर दाराकडे गेली.

मार्टन रिकामी बशी घेऊन उभा होता. दार त्याने खांद्याने उघडलं होतं. किती वेळ उभा होता ते कळायला मार्ग नव्हता.

"बाबा."

तो आत आला, बशी भांड्यांत ठेवली. मग खिशात हात घालून उभा राहिला, कारण तिथे ते थरथरताना दिसत नसत.

"मला माहीत होतं तू होतीस त्या दिवशी," तो म्हणाला. "लाल टोपी होती तुझी."

योरिनने मान खाली घातली.

"तुझी चूक नव्हती. मीसुद्धा ओळख दाखवली नसती." त्याने तिच्याकडे बघितलं. "तू त्या बाळाला घाबरतेस की ते माझ्यासारखं होईल म्हणून?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. पण मला कुणी विचारत नाही. मी इथेच तर आहे." त्याचं बोलणं सावकाश असे, औषधांनी जीभ जड झालेली. पण तो वाक्य अर्धं सोडत नसे. "वाईट वर्षं अकरा. त्यातली दोन तर फारच. मी ती कुणाला देणार नाही. पण मी बासष्टचा आहे, योरिन. बाकीची एक्कावन्न उरतात. त्यात तू आहेस. सोमवारी रोपवाटिका असते, बुधवारी सोंगट्या. लोकांना वाटतं मी काहीतरी संपण्याची वाट बघत बसलोय. मी वाट नाही बघत. मी जगतोय."

दिनेका भांड्यांकडे तोंड करून उभी होती. तिच्या पाठीवरून ती रडत होती हे दिसत होतं.

"तू ठेव म्हणून नाही सांगत मी," मार्टन म्हणाला. "ते तुझं आणि त्या चांगल्या गाढवाचं. नसेल जमत तर नाही. दमायला होतं, पैसा लागतो, भीती वाटते, काहीही असो. फक्त मला कारण करू नकोस."

बाहेरून आजीचा आवाज आला, सगळे कुठे गेले, नव्वदीला माणसाला एकटं बसवतात का. कोस तिला काहीतरी सांगून हसवत होता.

योरिनने वडिलांच्या खिशात हात घातला आणि आतला हात धरला.

सहाला मार्टनला घरी पोहोचायचं असे, गोळ्यांच्या वेळेला. योरिनने त्याला गाडीने सोडलं. फुलशेतांवरचा पिवळा आणि लाल पट्टा संपून घरं सुरू झाली. ते सहा जणांचं घर आलं तसं त्याने सीटचा पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला.

"शुक्रवारी कळव," तो म्हणाला. "काय ते. फोन वरच्या मजल्यावर आहे, पण हाक मारतात ते मला."

"शुक्रवारपर्यंत कशाला," योरिन म्हणाली. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि समोर बघत होती. "ठेवतेय मी. तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं. रूबेनला अजून नाही."

मार्टन तसाच बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याला काही बोलायचं असेल तर घाई करायची नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"नोव्हेंबर," तो शेवटी म्हणाला. "नोव्हेंबरात बाहेर काहीच फुलत नाही." त्याने थोडा विचार केला. "रोपवाटिकेच्या काचघरात एक कोपरा रिकामा आहे. उद्या सोमवार. बघतो, आत्तापासून काय लावलं तर जमेल."